मागावरून संगणकाकडे : स्वयंशिक्षितांच्या एका धंद्याचा इतिहास



ज्या व्यासपीठावर इतिहासाचे आणि अर्थशास्त्राचे मोठमोठे व्यासंगी बोलून गेले, तेथे यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने उभे राहावे, आणि तेही संगणकाच्या विषयावर, ह्याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमची शाळा नववीत सुटली. १९८७ साली आम्ही इचलकरंजीत मागावर उभे राहिलो. पुढे जे काही वाचले ते नगरवाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेव्हा विद्वत्तेचा अधिकार आमच्यापाशी नाही. मात्र ज्याला कोणी शिकविले नाही तो शिकतो कसा, आणि शिकल्यावर त्याला दारात उभे तरी कोण करून घेते, हा प्रश्न आमच्या परिचयाचा आहे. आज त्याच प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे.

वेबसाइटी बांधणे आणि त्यांच्यामागची आज्ञावली लिहिणे हा एक नवा धंदा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभा राहिला. सुताराच्या पोराने सुतारकी आणि वैद्याच्या पोराने वैद्यकी करावी, असे ज्या देशात हजारो वर्षे चालले, त्या देशात पदवी, गुरू किंवा घरची परंपरा नसताना केवळ स्वतःच्या खटपटीने लोकांनी हा धंदा हस्तगत केला. हे घडले कसे? ते आपोआप घडले, असे पुष्कळांना वाटते. आमचे मत तसे नाही, आणि ते का नाही हे क्रमाने सांगतो.

मागाचे पत्ते

आरंभ मागापासूनच करावा लागतो, आणि तो आमच्या धंद्याच्या अभिमानापोटी नव्हे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार ह्यांनी बसविला. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८०४ च्या सुमारास, फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जकार्ड ह्याने नक्षीचे कापड विणणारे एक यंत्र सिद्ध केले. त्यात पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असे. पत्त्याला भोक असेल तेथे सुई आत शिरे आणि तिचा ताण्याचा धागा वर उचलला जाई. भोक नसेल तेथे धागा खाली राही. नक्षी बदलावयाची असेल तर यंत्र बदलण्याचे कारण नाही, पत्ते बदलले की काम झाले.

भोक आहे किंवा नाही, ह्या दोनच अक्षरांच्या भाषेवर पुढचे शतक उभे राहिले. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज ह्याने १८३० च्या दशकात आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हेच पत्ते योजले. १८४३ साली एडा लव्हलेस ह्या बाईने त्या यंत्रावर टिपणे लिहिली आणि त्यांत जकार्डचा माग जशी फुलेपाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणील, अशा अर्थाची उपमा दिली. १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन हॉलेरिथ ह्याने भोके पाडलेल्या पत्त्यांवरच माणसे मोजली.

आम्ही स्वतः जॉबरच्या हाताखाली डॉबीच्या लाकडी पट्ट्यांत खुंट्या बसवावयास शिकलो. एक खुंटी चुकली की तीच चूक कापडभर ठरावीक अंतराने उमटत जाई, आणि ती शोधावयाची म्हणजे कापडावरून उलट पट्टीकडे यावे लागे. पुढे संगणकावरची चूक शोधताना आम्हांला हीच रीत उपयोगी पडली. मागावर उमेदवारी केलेल्या माणसाला हा धंदा परका नाही, हे येथे एकदा स्पष्ट सांगून ठेवतो.

पहिल्या प्रोग्रामर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिआक नावाचा प्रचंड संगणक बांधण्यात आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. तोफेच्या गोळ्याचा मार्ग काढण्याचे गणित त्याच्याकडून करून घेण्यासाठी १९४५ साली सहा तरुण स्त्रिया नेमण्यात आल्या. त्यांना शिकविणारा कोणी नव्हता, कारण हे काम पूर्वी कोणी केलेलेच नव्हते. पुस्तके नव्हती. आरंभी त्यांना त्या यंत्राच्या खोलीत जाण्याची परवानगीही नव्हती. त्यांच्या हाती यंत्राचे नकाशे देण्यात आले, आणि ते नकाशे वाचून, ज्यांनी यंत्र बांधले त्या इंजिनियरांना प्रश्न विचारून, त्या सहाजणी ते यंत्र चालवावयास शिकल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिआकचे जाहीर प्रदर्शन झाले, तेव्हा ज्या गणिताने लोक थक्क झाले ते त्यांनी बसविलेले होते. पण त्या दिवशी त्यांची ओळख करून देण्याचे कोणाला सुचले नाही.

ह्या धंद्याच्या पहिल्या पिढीत पदवीधारक कोणी असूच शकत नव्हता, कारण पदवीच नव्हती. विद्यापीठांनी संगणकशास्त्राच्या पदव्या पुढे काढल्या. तेव्हा स्वतः शिकलेल्या मुलाला आज जेव्हा कोणी विचारतो, 'तुझी इंजिनियरिंगची पदवी कोठे आहे?', तेव्हा त्या मुलाने मनात फिलाडेल्फियाच्या त्या सहाजणींना नमस्कार करावा आणि आपले काम पुढे ठेवावे.

आमची चूक

आता थोडे कटू बोलावयाचे आहे, आणि ते आमच्याच चळवळीविषयी.

१९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कचेरीत संगणक बसवू नये म्हणून कर्मचारी संघटनांनी तीव्र लढा दिला. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत सप्टेंबर १९८३ मध्ये संघटना आणि व्यवस्थापन ह्यांच्यात करार झाला. कोणती यंत्रे, किती आणि कोठे बसवावयाची हे त्यात वाटाघाटीने ठरले. ज्यांनी हा विरोध केला ते अडाणी होते असे आम्ही कधीही म्हणणार नाही. ज्याच्या घरात दुसरा मिळवता नाही त्याला यंत्राची भीती वाटणे हे अज्ञान नव्हे, तो हिशेब असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि पुढे गिरण्याच मिटत गेल्या. त्यानंतर कामगारांच्या घरात नव्या यंत्राचे स्वागत आरतीने व्हावे अशी अपेक्षा कोणी कशी करावी?

पण एक गोष्ट राहून गेली. यंत्र यावे की न यावे ह्यावर आम्ही पुष्कळ भांडलो. ते यंत्र आपल्या मुलांना कोण शिकविणार, हा प्रश्न मात्र आम्ही विचारला नाही.

हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलत नाही. १९९८ साली आमच्या संघटनेच्या कचेरीला एका हितचिंतकाने आपला जुना संगणक देऊ केला. कार्यकारिणीच्या बैठकीत त्याच्याविरुद्ध भाषण आम्हीच केले. 'हे मालकाचे यंत्र आहे, ते आपल्या कचेरीत नको,' असे आमचे शब्द होते. टाळ्या पडल्या. संगणक परत गेला. त्या काळी आमच्या कचेरीत निरोप पोचविणारा सोळा वर्षांचा एक हुशार पोरगा होता. तो नंतर दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. पुढे तो सायझिंगच्या कारखान्यात लागला आणि तेथेच राहिला. त्या टाळ्यांची आठवण आजही आम्हांला सुखाची होत नाही.

३० एप्रिल १९९३

ज्या वेळी आम्ही अशी भाषणे करीत होतो, त्याच दशकात एक दार उघडले गेले होते, त्याची कथा आता ऐकावी.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळ सर्न नावाची अणुविज्ञानाची संस्था आहे. तेथे टिम बर्नर्स-ली नावाचा एक इंग्रज नोकरी करीत होता. त्याची पदवी पदार्थविज्ञानाची. संस्थेतील कागदपत्रे एकमेकांस जोडलेली असावीत आणि कोणत्याही संगणकावरून वाचता यावीत, अशी योजना त्याने मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांपुढे मांडली. १९९० च्या अखेरीस त्याने ती स्वतः बांधून चालू केली, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये बाहेरच्या जगाला तिची वार्ता दिली. हेच ते वर्ल्ड वाइड वेब. पान लिहिण्यासाठी त्याने एचटीएमएल ही खुणांची भाषा केली. आरंभीच्या यादीत अवघ्या १८ खुणा होत्या. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, एवढ्याच. उजळणी पाठ करणाऱ्या पोराला त्या आठवड्यात येतील.

त्या वेळी वेबला एक प्रतिस्पर्धी होता. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठाने काढलेली गोफर नावाची पद्धत तेव्हा अधिक लोकप्रिय होती. १९९३ च्या आरंभी त्या विद्यापीठाने गोफरच्या काही वापरासाठी फी आकारण्याचे जाहीर केले. लोक बिचकले. उलट सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी एक छोटासा दस्तऐवज काढून वेबची आज्ञावली सर्व जगाला खुली केली. परवाना नाही, फी नाही, कोणाची परवानगी नाही. तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी कामगार दिन होता आणि आपला महाराष्ट्र दिनही. त्या कागदावर सही झाली नसती, तर आमच्या गल्लीतल्या पोरांपर्यंत हा धंदा पोचला नसता, असे आमचे मत आहे.

दुसरी एक सोय ह्याहूनही महत्त्वाची ठरली. वेबचे कोणतेही पान उघडले असता, त्याच्या मागची लिखावट पाहण्याची तरतूद ब्राउझरमध्ये प्रथमपासून होती. माग चालू असताना त्याची फळी काढून आत काय फिरते ते पाहावे, तसे हे आहे. दुसऱ्या कोणत्याही कारागिराने आपली कारागिरी अशी उघडी टाकलेली आम्हांला माहीत नाही. सोनार आपले डाग देण्याचे गुपित सांगत नाही आणि हलवाई पाकाचे सांगत नाही. येथे मात्र जगातील उत्तम पान कसे विणले आहे ते कोणीही उसवून पाहू शकतो. गुरू नसलेल्याला ह्याहून मोठा गुरू कोणता?

पुढची भरही बरीचशी व्यक्तींच्या खटपटीतून पडली. पानाला रूप देणाऱ्या सीएसएसची कल्पना होकून वियुम ली ह्या नॉर्वेजियन गृहस्थाने १९९४ साली मांडली. पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आयक ह्याने मे १९९५ मध्ये दहा दिवसांत तयार केली, आणि त्या घाईच्या खुणा आजही शिकणाऱ्याला छळतात. रासमुस लरडॉर्फ ह्याने आपला नोकरीचा अर्ज वेबवर ठेवला होता. तो कोण कोण पाहून गेले हे कळावे म्हणून त्याने काही छोटी हत्यारे केली आणि १९९५ साली ती लोकांना वाटली. त्यांतूनच पीएचपी ही भाषा निघाली. जिच्यावर पुढे लाखोंच्या चुली पेटल्या ती भाषा एका नोकरीच्या अर्जातून जन्मली, ही गोष्ट उमेदवारांना धीर देणारी आहे.

तासाला वीस रुपये

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. ते प्रथम मोठ्या शहरांत आले, महाग होते आणि अतिशय मंद होते. आमच्यासारख्या गावांत ते सायबर कॅफेच्या रूपाने दशकाच्या अखेरीस पोचले. लाकडी फळ्यांच्या खोपट्यांत बसावयाचे आणि घड्याळाकडे पाहावयाचे.

१९९८ चे भाषण आम्हांला टोचत होतेच. २००३ साली संघटनेच्या मागण्यांचे एक पान वेबवर ठेवावे असे आम्ही मनात धरले आणि तासाला वीस रुपये देऊन कॅफेत जाऊ लागलो. कॅफे चालविणाऱ्या पोराने आम्हांला एका वर्तमानपत्राच्या पानाची लिखावट उघडून दाखविली. 'काका, ह्यातलं एकेक काढून बघा, काय मोडतंय ते,' एवढाच त्याने धडा दिला. ह्याहून चांगला धडा आम्हांला नंतर कोणी दिला नाही.

आमचे पहिले पान अर्धेच दिसे. खालचा मजकूर कोठे जातो ते कळेना. तीन संध्याकाळी आणि दीडशे रुपये गेल्यावर उलगडा झाला, की एका दुव्याचे अवतरणचिन्ह आम्ही मिटविले नव्हते. यंत्र पुढचे सारे दुव्याचाच भाग समजून गिळत होते. नंतर दुसरा अनुभव आला. पान आमच्या कॅफेत नीट दिसे, पण कोल्हापुरात उघडले की सारी मराठी अक्षरे भुतासारखी होत. कारण तेव्हा जो तो आपापल्या फॉन्टात लिही, आणि तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसे. युनिकोड ह्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीला जागा १९९१ पासूनच होती, पण ती वापरण्याची सवय आपल्याकडे उशिरा लागली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो ह्याच पद्धतीच्या आधारावर.

आम्ही ह्या धंद्यात शिरलो नाही. वय झाले होते आणि संघटनेचे काम होते. पण शिकताना डोक्यात काय होते ते आम्ही ह्यावरून जाणले. पहिले तीन महिने माणसाला आपण मूर्ख आहोत असे वाटते. जो ते वाटणे सोसतो तो शिकतो.

दरम्यान जगात विनामूल्य धड्यांची पाणपोई लागत होती. नॉर्वेतील डब्ल्यूथ्रीस्कूल्स १९९८ पासून होती. अमेरिकेच्या एमआयटी ह्या विख्यात संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांस खुले करण्याचे २००१ साली जाहीर केले. आपल्या आयआयटींनी २००३ पासून एनपीटीईएलद्वारे व्याख्याने उपलब्ध केली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी वर्गांनी तालुक्यातालुक्यांत मुलांच्या हाताला कळफलकाची ओळख करून दिली. २०१४ साली क्विन्सी लार्सन ह्या, शाळा चालविता चालविता स्वतःच प्रोग्रामिंग शिकलेल्या शिक्षकाने फ्रीकोडकॅम्प हा विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर आपल्याकडे मोबाइलवरचे इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. तासाला वीस रुपयांचा काळ संपला.

कांडीवालीची मुलगी

आता एका मुलीची हकीकत सांगतो. तिचे नाव सांगत नाही, कारण तिला ते आवडणार नाही.

आई कांड्या भरावयाची, वडील मागावर. मुलगी मराठी माध्यमात शिकून बी.कॉम. झाली होती. २०१८ च्या जूनमध्ये ती आमच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "काका, रात्री सात ते दहा कॉम्प्युटर रिकामा असतो न्हवं? मी बसू का?" तोवर कचेरीत संगणक आला होता. ह्या वेळी आम्ही भाषण केले नाही. किल्ली दिली.

ती दीड वर्ष बसली. क्रम असा होता. प्रथम एचटीएमएल आणि सीएसएस, दोन महिने. मग जावास्क्रिप्ट, आणि तेथे सहा महिने गाडे रुतले. इंग्रजी ही तिची खरी अडचण होती. तिने वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला आपल्या बोलीत अर्थ लिहावयास सुरुवात केली. 'लूप' पुढे तिने लिहिले होते, 'कांडी संपेपर्यंत धोटा जातोय-येतोय तसं.' नंतर गिट, म्हणजे आपल्या कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवण्याची पद्धत, आणि शेवटी हिशेबाची माहिती साठविण्याचे तंत्र. धडे पाहून पाहून डोळे भरतात, हात रिकामेच राहतात, हे तिच्या लवकर ध्यानात आले. म्हणून तिने स्वतःचे एक काम हाती घेतले.

मागवाल्याची मजुरी कापडाच्या मीटरावर आणि पिकांवर, म्हणजे इंचात किती आडवे धागे पडले त्यावर, ठरते. हिशेब दिवाणजी करतो. कामगाराला तो पडताळता येत नाही. तिने एक पान बांधले. त्यात मीटर, पिक आणि दर घातला की मजुरी निघे, आणि आठवड्याची बेरीज मोबाइलवर दिसे. गल्लीतील चाळीसेक कामगार ते वापरू लागले. पहिल्याच महिन्यात एका कामगाराच्या हिशेबात तूट सापडली, आणि दिवाणजीने ती मुकाट्याने भरून दिली.

नोकरीचा शोध मात्र ह्याहून कठीण होता. तिने साठांवर अर्ज केले. बहुतेक ठिकाणी इंजिनियरिंगची पदवी नसल्याने अर्ज वाचलाच गेला नाही. पुण्यात एका दलालाने तिला चाळीस हजारांत दोन वर्षांच्या अनुभवाचा खोटा दाखला देऊ केला. तिने आम्हांला फोन करून विचारले. आम्ही म्हणालो, "पोरी, खोट्या दाखल्यावर मिळालेल्या नोकरीत रोज मान खाली घालून बसावं लागतं. आणि सापडलीस तर दार कायमचं बंद." तिने तो नाकारला. अखेर एका लहान कंपनीत मुलाखत घेणाऱ्याने तिचे मजुरीचे पान पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, 'हे कोण वापरते?' तिने चाळीस कामगारांचे सांगितले. जानेवारी २०२० मध्ये तिला नोकरी लागली.

पण त्या कंपनीने दोन वर्षांच्या बंधनाचा करार लिहून घेतला आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. पगार सहा महिने आठ हजार. घरी आनंद होता, म्हणून तिने हे कोणाला सांगितले नाही. आम्हांला कळले ते मे महिन्यात. टाळेबंदीमुळे ती गावी परतली होती. माग बंद होते. गल्लीत इतकी शांतता आम्ही जन्मात ऐकली नव्हती. त्या शांततेत ती एकटी चौकटीत बसून काम करीत होती आणि त्या आठ हजारांवर पाच माणसांचे घर चालले होते.

येथे कायद्याचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये असा निर्बंध १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सामान्यतः टिकत नाही. परंतु नोकरी चालू असतानाची, ठरावीक मुदत काम करण्याची व न केल्यास वाजवी रक्कम भरण्याची अट न्यायालये मान्य करू शकतात. मे २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तशी अट ग्राह्य धरली आहे. तेव्हा 'बाँडला काही अर्थ नसतो' असे जे पोरांना सांगितले जाते ते धोक्याचे आहे. सही करण्यापूर्वी वाचावे, वाचून घ्यावे. मूळ कागद मात्र कोणाच्या स्वाधीन करू नयेत. आमच्या संघटनेच्या कागदावर आम्ही कंपनीला सभ्य भाषेत पत्र लिहिले. दोन पत्रे आणि एक भेट झाल्यावर गुणपत्रिका परत आल्या. बंधनाची मुदत तिने पूर्ण केली आणि मग चांगल्या ठिकाणी गेली.

'स्वतः शिकला' ह्याचा अर्थ

अशा मुलांविषयी लोक म्हणतात, 'कोणाच्या मदतीशिवाय वर आला.' ह्या वाक्यात शिकणाऱ्याचा गौरव आहे, पण इतिहासाचा विसर आहे. त्या मुलीच्या मागे सर्नची सही आहे, लिखावट उघडी ठेवणाऱ्यांचे औदार्य आहे, विनामूल्य धडे लिहिणारे हजारो अनोळखी हात आहेत, आईच्या कांड्या आहेत आणि एका खोलीची किल्ली आहे. कष्ट तिचे, पण दार दुसऱ्यांनी उघडे ठेवलेले.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५५ साली पुण्यात श्रमकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभी केली, आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सुट्टी मिळाली तेव्हा वाचावयास वेळ मिळाला. ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली. वेळ, दिवा आणि पुस्तक ह्या तीन गोष्टी कोणीतरी मिळवून दिल्या, म्हणून पुढची पिढी 'स्वतः' शिकली. हे व्याख्यानसत्र ज्या परंपरेत बसते ती वसंत व्याख्यानमाला न्या. रानडे ह्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली, तीही शाळेबाहेरच्यांसाठी उघडलेली शाळाच होय.

पहिली पायरी

शेवटी आजच्या स्थितीविषयी बोलतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आज यंत्रच आज्ञावली लिहिते. जे लहानसहान काम नवशिक्याला देऊन कंपन्या त्याला तयार करीत, ते काम यंत्राकडे जाऊ लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक नोकरांची कपात जाहीर केली. शिडीची वरची पायरी कायम आहे, पण खालची पायरी कापली जात आहे, अशी भीती आम्हांला वाटते. उमेदवार कोणी घेतलाच नाही तर उद्याचा जॉबर कोठून येणार?

आमची पूर्वीची चूक आम्ही पुन्हा करणार नाही. ह्या यंत्राला कचेरीतून हाकलण्याचे भाषण आमच्याकडून होणार नाही. पण १९८३ च्या बँक कामगारांनी जसे वाटाघाटीला बसून ठरविले, तसे ह्या धंद्यातील कामगारांनीही बसून ठरवावे लागेल, आणि त्यासाठी त्यांना प्रथम आपण कामगार आहोत हे मान्य करावे लागेल. ज्यांची कमाई वेबवर चालते त्या कंपन्यांनी दरवर्षी काही उमेदवार शिकविण्यासाठी घेतलेच पाहिजेत, पदवी न पाहता, काम पाहून. ही मागणी आम्हांला भिकेची वाटत नाही. ज्या उघड्या दारातून त्या कंपन्या आत आल्या, ते दार मागच्यांसाठी उघडे ठेवण्याची ती मागणी आहे.

आणि आपण नागरिकांनी काय करावे? आपल्या नगरवाचनालयातील दोन संगणक संध्याकाळी सहाला बंद होतात. कामगाराचे पोर मोकळे होते ते सातला. ते संगणक रात्री दहापर्यंत चालू राहावेत, असा ठराव ह्या सत्राच्या वतीने महानगरपालिकेकडे पाठवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. खर्च एका पहारेकऱ्याच्या पगाराचा आणि थोड्या विजेचा.

आमच्या कचेरीची किल्ली सध्या तिघांकडे असते. त्यांतला एकजण सायझिंगच्या कारखान्यातील त्या निरोप्याचा मुलगा आहे. परवा त्याचे पान अर्धेच दिसत होते. आम्ही मागे उभे राहून पाहिले, अवतरणचिन्ह मिटविलेले नव्हते. आम्ही बोललो नाही. त्याचे त्यालाच सापडले पाहिजे.